सत्काराची सात गाणी

बांगलादेशच्या लढाईत एक पाय गमावून माझा दादा सेलूला परतला, तेव्हा गावातल्या पुढाऱ्यांनी त्याचा सत्कार ठरवला. तो चार महिने लष्करी इस्पितळात पडून होता, तेव्हा यांच्यातल्या एकानं साधं पोस्टकार्ड टाकलं नव्हतं. पण मांडव, हार आणि माइक म्हटलं की यांच्या अंगात येतं.

मी तेव्हा गावच्याच शाळेत शिकवत होते. मुलींकडून एक गाणं बसवून घ्या, असं हेडमास्तरांनी सांगितलं. शब्द त्यांचेच. त्यात मुलगा लढाईत पडल्याची तार येते आणि मुलगा देशाला दिला म्हणत आई गावभर पेढे वाटते. हे लिहिणाऱ्याचे दोन्ही मुलगे नागपुरात बँकेत. आणि मी मूर्खासारखं ते मन लावून बसवलं.

सत्काराला पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर दादा हार घालून मंचावर बसलेला आणि भोंग्यावर त्याच सहा रेकॉर्डी आलटून पालटून वाजल्या. प्रत्येक गाण्यात सैनिक मरत होता. जिवंत परतलेल्यासाठी कोणाकडे गाणंच नव्हतं.

सातवं माझ्या मुलींचं. पेढ्यांचं कडवं आलं तशी पहिल्या रांगेतली आई उठली. हेडमास्तरांनी तिला बसायची खूण केली.

"म्या नाई देल्ला त्याले कोणाले," ती म्हणाली. "तो नोकरीवर गेलता." आणि ती घरी निघून गेली. पाहुण्यांनी भाषणात तिच्या रिकाम्या खुर्चीकडे हात करून तिला वीरमाता म्हटलं. टाळ्याही पडल्या.

सगळे चहाला गेल्यावर भोंगेवाला वायर गुंडाळत दादाजवळ आला. तुमच्या पसंतीचं एखादं लावू का, असं त्यानं विचारलं. दिवसभरात दादाला काही विचारणारा तो पहिलाच.

"साती गाण्यांत मेलो मी," दादा म्हणाला. "आता एखांदं जित्या माणसाचं लाव."

त्यानं मागितलं ते सिनेमातलं एक उडतं, थिल्लर प्रेमगीत. ट्रान्झिस्टरवर ते लागलं की तंबूतले सगळे नाचायचे, आणि त्याचा एक पंजाबी दोस्त बाईच्या आवाजात चुकीचे शब्द म्हणायचा. तो दोस्त परतला नव्हता. दादा कुबडीनं ठेका धरून हसत होता, आणि हसता हसता रडायला लागला. घरी आल्यापासून तो पहिल्यांदा रडला.

पुढारी कप खाली ठेवून धावत आले. सैनिकाच्या सत्काराला असलं गाणं शोभत नाही म्हणाले. भोंगेवाल्यानं आवाज आणखी वाढवला.

पुढे दादा भोंगेवाल्याच्या दुकानात बसू लागला, लग्नांच्या रेकॉर्डी निवडून देऊ लागला. सव्वीस जानेवारी जवळ आली की पुढारी त्याला मंचावर बसवायला न्यायला यायचे. आज लग्नाचं काम आहे, असं सांगून तो त्यांना दारातूनच परतवून लावायचा. बहुतेक वेळा ते खोटं असे.