लुक्कातलं पाचवं चर्च

सालुद माझी तीस वर्षांची मैत्रीण, आणि तीसही वर्षं मी तिच्यावर जळत आले आहे. आता लिहून टाकायला हरकत नाही. सालुदला वाचता येतं, पण चष्मा ती नेहमी घरी विसरते.

आम्ही दोघी फिलिपिन्समधल्या एकाच गावच्या. मिलानला आलो तीही एकाच हिवाळ्यात, लोकांची घरं पुसायला. मला मिळाली चार पोरांची बाई. सालुदला मिळाली एकटी म्हातारी, तिला समोर बसवून इटालियन शिकवणारी. माझी कंबर गेली, सालुदची अजून ताठ आहे. इस्त्रीत तर तिचा हात कुणी धरणार नाही. मळकी कॉलर नुसती हातात घेऊन, मालक रात्री घरी झोपला की बाहेर, ते ती सांगते. मी पाच वर्षांनी मोठी, म्हणून ती मला मानांग म्हणते, म्हणजे मोठी बहीण. त्यामुळे तोंडावर जळायचीही सोय नाही.

हे सगळं मी गिळलं. गेल्या वर्षी तिची लेक जोवेलिन मिलानला आली, ते मात्र घशाखाली उतरेना. तीन वर्षांची असताना तिला आजीपाशी सोडून सालुद निघाली होती. माझी लेक नेनिता तेव्हा पाच वर्षांची होती. दोन्ही लेकींना इकडे आणायला त्यांच्या नोकरीचे कागद आम्ही एकाच आठवड्यात भरले. जोवेलिनचे मंजूर झाले, नेनिताचे दोनदा परत आले. तिसऱ्यांदा भरलेत, त्याचं अजून काही कळलेलं नाही. नेनिताला बघून मला चार वर्षं झाली. सालुदची लेक रोज तिच्या शेजारच्या खोलीत झोपते.

तर वसंतात आमच्या रविवारच्या प्रार्थनेच्या मंडळींनी शनिवार-रविवारची, लुक्का नावाच्या जुन्या गावाची बस ठरवली. रात्री नन्सच्या वसतिगृहात मुक्काम, भाताचे आणि अडोबोचे, म्हणजे आमच्याकडच्या आंबट मटणाचे, डबे आपापले. पोरीबाळी गावच्या तटबंदीवर फोटो काढायला पळाल्या. जोवेलिन आलीच नव्हती, तिला काम होतं म्हणे. आम्हा दोघींचं काम वेगळं. आमच्यात ज्या चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल पडेल तिथे एक मागणं मागतात. एकच. दुसऱ्या खेपेला तो हक्क राहत नाही. हे आम्हाला आमच्या आयांनी सांगितलंय, फादरना कुणी विचारायला जात नाही. आणि लुक्कात तर कोपऱ्याकोपऱ्यावर चर्च.

शनिवारी तीन झाली. तिन्हीकडे मी नेनिताचे कागद मागितले. कागदाचा नंबरसुद्धा सांगितला, उगाच दुसऱ्या कुणा नेनिताचं काम व्हायला नको. माझं दोन मिनिटांत उरकायचं. सालुद मात्र गुडघे टेकून बसायची ती उठायलाच तयार नाही. मी मागच्या बाकावरून तिच्या पाठीकडे बघत राहायची. हिची लेक आली, नोकरी चांगली, कंबर ताठ. आता हिला काय हवंय? आमच्यासारख्यांची रांग मागे उभी आहे आणि ही खिडकी अडवून बसलीय, असं मला वाटायला लागलं.

रविवारी सकाळी चौथं चर्च. सालुद पुन्हा माझ्याआधी आत शिरली. खाली मान घालून काहीतरी पुटपुटत होती आणि चक्क हसत होती. मी गुडघे टेकले आणि माझ्या तोंडून निघालं, ‘हिने जे मागितलंय ते हिला देऊ नकोस.’

नेनिताचं नाव घ्यायचंही राहिलं.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर डबे उघडले. मला राहवेना. एवढा वेळ काय मागतेस ग, असं मी जरा तिरकसच विचारलं.

“चारही ठिकाणी एकच,” सालुद म्हणाली. “जोवेलिन मला आंटी म्हणते.”

मी घास तसाच धरला.

“आई म्हणते ती माझ्या आईला, फोनवर. मी शेजारी इस्त्री करत असते. एकदाच मला म्हणू दे, एवढंच मागते. कशी म्हणेल ते मनात आणून बघते, तर मलाच हसू येतं.” मग माझ्या डब्यात डोकावली. “हे काय मानांग, जेवेनास?”

बारा वाजायला आले होते. दुपारी इथली चर्चं बंद होतात आणि दीडला आमची बस होती. मी उठले आणि पळत सुटले. म्हणजे माझे गुडघे ज्याला पळणं म्हणतात तसं. सालुद मागून ओरडत होती की भात तरी झाकून जा.

कोपऱ्यावरच्या लहानशा चर्चचा म्हातारा किल्ली घेऊन दारातच उभा होता. उद्या या, म्हणाला. मी सांगितलं, उद्या मला मिलानला फरशा पुसायच्या आहेत. त्याने माझ्या हातांकडे बघितलं आणि दोन मिनिटं दिली.

आत गेले आणि तेव्हा कुठे लक्षात आलं. मागणं एकच. बस सुटायच्या आत दुसरं चर्च उघडं मिळणार नव्हतं. नेनिताचे कागद मागितले तर सकाळचं तसंच राहणार होतं. दोन्ही एका वाक्यात बसवून पाहिलं, बसेना. दारात किल्ल्या वाजल्या.

“सकाळचं सोडून दे,” मी म्हटलं. “सालुदचं ऐक.” उठता उठता राहवलं नाही म्हणून पुढे जोडलं, “पण माझ्यासमोर नको.”

बाहेर सालुद दोन्ही डबे घेऊन उभी. “नेनितासाठी ना?”

“मग काय तुझ्यासाठी?” मी म्हणाले.

ती हसली. बसमध्ये खिडकीची जागा तिने मला दिली, तर त्याचाही मला राग आला.

कागदांचं अजून काही कळलेलं नाही. गेल्या रविवारी सालुद माझ्याकडे भाजी चिरत बसली होती. जोवेलिन तिला न्यायला आली. दारातून आत वाकली आणि आईकडे बघून काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं. मी घाईघाईने मोरीकडे वळले आणि नळ पूर्ण सोडला.