सुटीचा नवस

मला डिसेंबरात सुटी असायची. दरवर्षी, न मागता. इतकी वर्षं हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणून आधी हेच लिहितो आणि मग प्रवासाकडे वळतो.

कॅनडातल्या विनिपेग शहरात मी लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. नाताळ आला की तिथं सगळं थंडावतं. कचेऱ्या बंद, दुकानं बंद, तातडीच्या कामासाठी एखाददुसरा माणूस थांबतो आणि बाकीचे आपापल्या घरी जातात. मीही घरी जायचो, म्हणजे माझ्या फ्लॅटवर. पडदे ओढायचो, खिचडी लावायचो आणि नाताळचे सिनेमे पाहत बसायचो. त्याआधी गावी, वलगावला फोन करून सांगायचो, "माय, यंदाही सुटी नाही भेटली."

हे सिनेमे सगळे सारखेच असतात. मोठ्या शहरात रुळलेलं माणूस लहानशा गावी परत येतं. बर्फ पडतो, गाडी अडते, आता काही हे पोचत नाही असं वाटतं. आणि ऐन जेवणाच्या वेळी दार उघडतं. टेबलाभोवतीची माणसं वळून बघतात, आई हात पुसत पुढे येते. तिथं मी दरवेळी रडायचो. त्या गावात बेकरी होती, सूचीपर्णी झाडं होती, आमच्या वलगावसारखं काहीच नव्हतं. तरी मला पेढी नदीचा पूल दिसायचा, ओसरीवर तूर निवडणारी माय दिसायची. दोन-तीन सिनेमे झाले की छाती हलकी व्हायची आणि झोप लागायची.

मग गेलो का नाही? एकदा गेलो होतो, बऱ्याच वर्षांपूर्वी. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून मी परतीची वाट पाहू लागलो. बोलायला विषय उरले नव्हते. मायनं ताट वाढता वाढता म्हटलं, "तुह्यं मन नाही लागून राहिलं इथं." रागानं नाही, हवा कशी आहे ते सांगावं तसं. त्यानंतर घराची आठवण काढणं मला घरी जाण्यापेक्षा सोपं वाटू लागलं. घर तसंच राहायचं आणि माझ्या मनातलं कोणी ओळखायचं नाही.

यंदा दिवाळीनंतर शोभाचा फोन आला. शोभा माझी धाकटी बहीण, अकोल्याला असते. मायला लकवा (पक्षाघात) झाला होता, उजवी बाजू गेली होती, आणि शोभानं तिला आपल्याकडे नेलं होतं. मी लगेच निघू शकलो असतो. पण डिसेंबरपर्यंत थांबलो, कारण डिसेंबरात मला रजेचा अर्ज करावा लागत नाही.

नागपूरला विमानातून उतरलो आणि अमरावतीची बस धरली. हीच गाडी पुढे अकोल्याला जाणार होती. शेजारी खांद्यावर दुपट्टा टाकलेले एक आजोबा होते. खिडकीची काच बसत नव्हती, वारा आत येत होता, मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली होती.

"कुठून आले?" त्यांनी विचारलं.

"कॅनडातून."

"तिथं तं लय थंडी असते म्हणतात."

"असते."

"मंग इथं काहून कुडकुडून राहिले?"

तिथं घरात, गाडीत, दुकानात सगळीकडे हीटर असतो, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "म्हणजे थंडी फक्त पाहाची," ते म्हणाले आणि दुपट्टा डोक्यावरून घेऊन झोपले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली. मधूनच कापसाचं काळपट शेत, त्यात वाकलेल्या बाया. हे सगळं मी इतकी वर्षं मनातल्या मनात पाहिलं होतं, की प्रत्यक्ष दिसल्यावर काहीच झालं नाही.

अमरावतीला मी उतरलो. अकोल्यापर्यंतचं तिकीट खिशात होतं, माय अकोल्याला होती. मी स्वतःला सांगितलं, घर तरी पाहून जाऊ. स्टँडबाहेर गिला वडा (दही-चटणीत भिजलेला डाळीचा वडा) खाल्ला. विद्यार्थी असताना हा मी उसनवारीनं खायचो. आता पोट इतकं नाजूक झालं होतं, की पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि वलगावपर्यंत अचलपूरच्या बसमध्ये मी पोट धरून बसलो.

घराला कुलूप होतं. किल्ली शेजारच्या मथुराकाकूंकडे. काकू चुलत्याच्या घरच्या, मायपेक्षा चार-सहा वर्षांनी लहान. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या उलटत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"काहून रे, आधी इकडे आला? माय तं अकोल्याले हाये."

"जातो न काकू. घर पाहावं म्हटलं."

"घर कुठी पयून चाललं होतं?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "पण आला ते बरं केलं. आता रोडगे करा लागते."

रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे घड्या घातलेले गोळे. ते गोवऱ्यांच्या आरावर, राखेत भाजतात, पुसून तुपात बुडवतात आणि वरण अन् वांग्याच्या भाजीत चुरून खातात. आमच्या वऱ्हाडात हिवाळ्यात शेताशेतांतून त्याचा धूर निघतो. नवस फिटला की रोडग्यांची पंगत द्यायची. पण आमच्याकडे नवस कसला?

"तुले कोणी सांगतलं नाही?" काकू म्हणाल्या. "तुह्या मायनं वावरातल्या मारोतीले बोललं होतं. माह्या पोराले हिवाळ्याची सुटी भेटू दे, रोडगे करीन. तवापासून रोडगा तोंडात नाही घातला तिनं. कोणाच्या बी पंगतीत जाय, अन् वरणभात खाऊन उठे. लोकं म्हणत, खाय वं बाई. तं म्हणे, माह्या पोराले येऊ द्या."

मी ओट्यावर बसलो. काकूंनी शोभाला फोन लावला, मी आल्याचं सांगितलं आणि फोन मायच्या कानाला लावायला सांगितला. स्पीकरवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक जड, घसरलेला आवाज, जो मी ओळखलाच नाही: "रोडगे. करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात पंगत झाली. ज्याच्यासाठी नवस, त्यानं आर पेटवायचा असा आमच्याकडे रिवाज. मी गोवऱ्या रचल्या, त्या विझल्या. पुन्हा रचल्या. आर नीट व्हायच्या आधीच मी रोडगे घातले, आणि ते वरून काळे, आतून कच्चे निघाले. बाप्ये माणसं हसली. मला बाजूला बसवून त्यांनी दुसरी खेप भाजली.

"कॅनडात गॅसवर करते का बे रोडगे?" एकानं विचारलं. हा माझ्या वर्गातला.

"त्याचा सायेब करू देत नसन," दुसरा म्हणाला. "लय कडक सायेब हाये तो. पण आपल्या मारोतीनं दाबलाच शेवटी त्याले."

सगळे हसले. मीही हसलो. माझा साहेब एक म्हातारा, मवाळ माणूस आहे. दर डिसेंबरात तो मला विचारतो, यंदा आईकडे जाणार ना?

जेवायच्या आधी काकूंनी मारोतीपुढं नारळ फोडला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाप्पा, पोराले सुटी भेटली. बाईचा शब्द पुरा झाला. काही चुकलं-माकलं असन तं पदरात घे." लोकांनी हात जोडले. त्याच वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी वरणात रोडगा चुरला आणि खाल्ला. चव उत्तम होती, हे लिहायलाच हवं.

एक रोडगा फडक्यात बांधून बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. मूर्तिजापूरपर्यंत उभा होतो. डब्यात तुपाचा वास सुटला तेव्हा एका बाईनं विचारलं, "नवसाचे का?" मी हो म्हटलं. तिनं फडक्याला हात लावून नमस्कार केला.

शोभानं दार उघडलं. केस पांढरे झाले होते तिचे, फोनवर दिसत नव्हते. "वलगाव झालं पाहून?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

माय खिडकीजवळच्या पलंगावर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं. डाव्या हातानं तिनं माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, "भेटली?"

"भेटली, माय."

शेजारच्या एक बाई चौकशीला आल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "आत्ता आले होय? आमचा तं पुण्याहून रातोरात आला होता, नुसतं पडले होते मी तं." मी मान खाली घातली. पलंगावरून आवाज आला. शब्द तुटत होते, लाळ येत होती, तरी तिनं वाक्य पुरं केलं. "सुटी नाही देत थे. तिकडं." मायनं माझ्याकडे पाहिलं, काम झाल्यासारखं.

मायला घट्ट काही गिळता येत नव्हतं. शोभानं रोडगा वरणात टाकून मिक्सरमधून काढला, गाळला, पेजेसारखा केला. पहिला चमचा गेला. दुसऱ्या चमच्याला ठसका लागला आणि तो थांबेना. चेहरा काळानिळा झाला. शोभानं तिला कुशीवर वळवलं, पाठ थोपटली, बोटानं घसा मोकळा केला, सगळं भराभर, एक शब्द न बोलता. मी वाटी धरून उभा होतो. श्वास परत आल्यावर मायनं त्या वाटीकडे आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"तू खा."

मी तिच्यासमोर बसून ती वाटी संपवली. ती पाहत होती.

दुपारी शोभा मोरीपाशी मिक्सरचं भांडं घासत होती. मी दारात उभा राहिलो.

"शोभे, मले सुटी असे."

"कधी?"

"दरवर्षी. हिवाळ्यात."

ती घासत राहिली. "मंग काय करत जाय तू?"

"सिनेमे पाहत जाओ. नाताळचे. लोकं घरी येतात त्याचे."

ती हसली, एकदाच. "म्हणजे दुसऱ्याचं घरी येणं पाहत बसे तू."

"घरची आठवण येत जाय, म्हणून."

"आठवण आम्हाले बी येत जाय. आमच्याजवळ सिनेमा नव्हता." तिनं भांडं पालथं घातलं. "तुह्या सुटीपायी माय किती लोकायशी भांडली माहीत हाये तुले? सुधामामाच्या घरी जाणं टाकलं तिनं. तो म्हणे, पोरगा खोटं बोलून राहिला."

सुधामामा, मायचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी वारला. त्या भांडणानंतर ते दोघं भेटलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"मी मायले सांगतो," मी म्हणालो.

"काय सांगशील? का तिनं मागितलं ते आधीच होतं, पोरानंच दडवून ठेवलं म्हणून?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तिले बोलता येत होतं तवा सांगतलं असतं, तं दोन शिव्या दिल्या असत्या तिनं, रडली असती, मोकळी झाली असती. आता तिले शिवी बी देता येत नाही. आता सांगशील तं ते सांगणं नाही, मारणं हाये."

"अन् नाही सांगतलं तं?"

"तं मी हावो न. इतके दिवस तिले उचलून राहिली, आता हे बी उचलते." पदराला हात पुसत ती म्हणाली, "तू मले सांगून हलका झाला, दादा. मी कोणाले सांगू?"

मी बाहेर जाऊन मोर्णा नदीच्या पुलावर उभा राहिलो. खाली पाणी थोडं आणि जलपर्णी फार. परत आलो तेव्हा शोभा मायचे पाय चोळत होती. मी म्हटलं, मी चोळतो. "राहू दे," ती म्हणाली, "तुले जमत नाही."

उरलेले दिवस मी मायजवळ बसलो. दोनदा ती एकटी होती, जागी होती, माझ्याकडे पाहत होती. दोन्ही वेळा मी उशी सारखी केली. शोभानं अडवलं म्हणून गप्प बसलो असं म्हणता येईल. ते खरं नाही. शोभानं अडवलं याचं मला बरं वाटलं होतं.

निघताना मायनं चांगला हात वर केला. "पुढच्या साली," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "देव देईन." शोभा दारापर्यंत आली नाही. नागपूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. तुरीची शेतं उलट्या दिशेनं गेली.

विनिपेगला पोचलो तेव्हा नाताळ उलटून गेला होता, रस्त्यावर टाकून दिलेली झाडं पडली होती. प्रवासानं माणूस बदलतो असं प्रवासवर्णनांतून वाचलं आहे. आल्या आल्या मी पडदे ओढले आणि सिनेमा लावला. दार उघडलं, आई हात पुसत पुढे आली, आणि मला रडू आलं नाही. तरी शेवटपर्यंत पाहिला. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

हे छापून आलं, तर वलगावात कोणीतरी वाचेल आणि पंगतीत बसलेल्यांना कळेल. मायला वाचता येत नाही. म्हणजे तिला सोडून सगळ्यांना सांगण्याची सोय मी केली आहे, हेही मला दिसतं.

सुटी होती, माय, मीच आलो नाही. एवढं एक वाक्य मी तिला तिच्यासमोर बसून देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.