शनिवारची परीक्षा

कॅमेऱ्यांची परीक्षा मी शनिवारी घेतली, हा माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा मूर्खपणा. नाशिकच्या अंबडला तेव्हा शनिवारी कारखान्यांना सुट्टी. सगळं बंद, शांत. मला वाटलं, बरं झालं, कुणाची कटकट नाही. परवा नातीला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आजी, रिकाम्या मैदानात गाडी शिकलीस आणि थेट द्वारका चौकाच्या गर्दीत घातलीस." कार्टी माझ्यावरच गेली आहे.

तेव्हा मी पन्नाशीला टेकलेली, गुणवत्ता विभागाची प्रमुख. चष्मा केसांत खोचायचा आणि कुणाचं ऐकायचं नाही, ही माझी दोन व्यसनं. प्रेसमधून येणाऱ्या लोखंडी कड्यांना तडा आहे का, हे माणसाच्या डोळ्यांऐवजी कॅमेऱ्याने बघायचं ठरलं होतं. कॅमेऱ्यातलं चित्र आठ मीटरवरच्या संगणकात कोणत्या जोडणीने न्यायचं, एवढंच मी ठरवायचं होतं.

मोठ्या ऐटीत चार जोडण्यांचा तक्ता आखला. कॅमेरा लिंक सगळ्यात वेगवान, पण केबल जाडजूड आणि संगणकात वेगळं कार्ड हवं. फायरवायर गुणी, पण पाच मीटरच्या आत संपणारी. ईथरनेट लांबवर जाते, पण कॅमेऱ्यांसाठी नवीन, म्हणून माझ्या मते बेभरवशाची. यूएसबी कुठल्याही संगणकाला लागते. तीही आखूडच, पण मध्ये जोडतुकडा घातला की काम झालं. त्या शनिवारी यूएसबीने दिवसभरात एकही चित्र गाळलं नाही. मी तिच्यापुढे हिरवी खूण केली आणि केबल वेल्डिंगच्या वायरींशेजारून नेली, कारण तिथली पत्र्याची पन्हळ आयती तयार होती.

पहिला महिना यंत्रानंतर फेरतपासणीला एक बाई बसायची होती. पेठ तालुक्याकडची, ठेकेदाराची, पण बारा वर्षं आमच्याकडेच डोळ्यांनी हेच काम करणारी. चौथ्या दिवशी तिने यंत्राने हिरवा दिवा दिलेल्या मालातून तीन तडकलेली कडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, तिकडं वेल्डिंग पेटलं का पडद्यावरचं चित्र हालतच नाय. जुनंच ऱ्हातं."

"चित्र हलत नाही, की तुला यंत्र नको आहे?"

"मला कशाला नको? डोळे दुखतात माझे."

 पॅकिंगच्या सगळ्या पोरींसमोर मी म्हटलं, ही कडी तूच ओच्यातून आणून टाकलीस, काम जाईल म्हणून. हिला पाठवू नका, अशी ठेकेदाराला चिठ्ठी धाडली. दुसऱ्या दिवशी तिचं स्टूल रिकामं.

बदली माणूस मिळेना, म्हणून त्या स्टुलावर मीच बसले. पलीकडे वेल्डिंगचा निळा उजेड चमकला. समोरचं कडं सरकलं, नवीन आलं, आणि पडद्यावर मात्र आधीचंच. हिरवा दिवा. कडं हातात घेतलं तर नख तड्यात अडकलं. वेल्डिंगच्या वायरींत जोराचा प्रवाह आला की शेजारच्या केबलमधलं चित्र वाटेतच तुटत होतं, आणि नवं पोचलं नाही की संगणक जुन्यावरच निकाल देत होता. पुन्हा उजेड, पुन्हा तेच. माझ्या तक्त्यात वेग होता, लांबी होती. शेजारी वेल्डिंग चालू आहे का, हा रकानाच नव्हता. शनिवारी तो सुचणार तरी कसा.

मंगळवारी वेल्डिंग पेटतं ठेवून सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या. माझी ती बेभरवशाची ईथरनेट, केबल त्या वायरींपासून दुरून नेल्यावर, चोख निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीवर गेले. ती द्राक्षबागेत घडांच्या विरळणीच्या कामाला निघाली होती, फडक्यात भाकरी बांधत होती. यंत्राचं काय झालं ते सांगितलं, चूक माझी म्हटलं, उद्या त्याच पोरींसमोर म्हणेन म्हटलं. तिने फडक्याला गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"येते उद्या. पण मॅडम, मशिनवर तुमचा एका शनिवारात इस्वास बसला. माझ्यावर बारा वर्षांत नाय बसला."