मेसीच्या जागी कोण

व्हर्ना स्टिडम शाळेची बस चालवायची. अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या मिल फोर्क या खाणगावात तिला सगळे ओळखत, ते मात्र बसमुळे नव्हे, खटल्यामुळे. शाळांना पुरेसा पैसा द्या म्हणून राज्यावर दावा लावायचा, तर तिथे शिकणारं एखादं मूल पुढे करावं लागतं. व्हर्नाने आपली लोरेटा पुढे केली. लोरेटा तेव्हा बालवर्गात होती. पुढे पोरीला जो तो 'खटला' म्हणूनच हाक मारायचा.

शाळा चालते ज्या त्या गावच्या घरपट्टीवर. खाण बंद पडली तशी इथली घरं मातीमोल झाली. डोंगरापलीकडे तळ्याकाठी बंगले. तिथल्या शाळेत पोहायचा तलावसुद्धा आहे. इथे विज्ञानाच्या वर्गात छत गळतं. सरकार चुकतंय, असा कोर्टाने निकाल दिला. वर्तमानपत्रात फोटो आले, चर्चमध्ये केक कापला. विधानसभेने कोर्टाला हो हो म्हटलं आणि काही म्हणता काही केलं नाही. पुन्हा दावा, पुन्हा जीत, पुन्हा तेच छत. जिंकून जिंकूनही माणूस इतकं दमतं, हे व्हर्नाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

लोरेटा शिकून बाहेर पडली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली. ती मुलगी, मेसी, शाळेत जाऊ लागली तेव्हा नव्या दाव्यात तिचं नाव लागलं. यंदा सुट्टी संपता संपता लोरेटा जेवताना म्हणाली, "आई, मेसीला मी पलीकडच्या शाळेत घालतेय. तिथे पत्ता बघूनच घेतात, रूबीमावशीचा देते."

"आणि दावा?"

"दाव्याने मला काय दिलं गं? टोपणनाव! माझी शाळा गेली त्यात. आता हिचीही घालवू?"

व्हर्ना मक्याचा पाव घेवड्याच्या रश्शात कुस्करत राहिली. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली.

वकील प्रॅदर फोनवर उसासले. "इथल्या शाळेतलं मूल नसेल तर दावा उभाच राहणार नाही. दुसरं कुणी बघा, व्हर्ना. लोक तुमचं ऐकतात."

शाळा उघडली त्या सकाळी शेवटच्या वळणावर क्रिस्टल आपल्या कोल्बीला घेऊन उभी होती. पोराचा पहिलाच दिवस. व्हर्नाने बसचं दार उघडलं आणि बसल्या जागेवरूनच तिला दाव्याचं सांगितलं.

"त्यात तुमच्या मेसीचं नाव होतं ना?"

खोटं बोलता आलं असतं. "तिला पलीकडे घातली. माझ्या बहिणीच्या पत्त्यावर."

"अस्सं! म्हणजे तुमची काढून घेतलीत, आता आमचं अडकवा."

 व्हर्ना समोर रस्त्याकडे बघू लागली.

क्रिस्टलने कोल्बीच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्याला पायरीवर चढवलं. "किती वर्षं चालेल हे?"

"हा शिकून बाहेर पडेपर्यंत तरी चालेल."

"घाला नाव," क्रिस्टल म्हणाली. "आमची पलीकडे कुणी मावशी नाही."