असूदे

आमची आत्या लोकांच्या हसण्यावर जगते. म्हणजे ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवतात, ती त्यांत प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते आणि घासून चकचकीत करते. दिवसभर टेबलावर पंधरावीस तोंडं उघडी असतात, पण एकही तिच्याशी बोलत नाही.

मी घरातल्या सगळ्यांच्या नकला करते. बाबांची शिंक, आईचा फोनवरचा पाहुण्यांसाठी ठेवलेला आवाज. पण माझा हातखंडा म्हणजे आत्याचं 'असू दे'. 'असू'ला जिना चढायचा आणि 'दे'ला पाय घसरायचा. स्थळाने नकार कळवला, असू दे. सगळे वाढदिवस विसरले, असू दे.

चाळिशी उलटल्यावर मात्र एका बाबतीत ती असू दे म्हणाली नाही. परदेशातल्या अनाथाश्रमातून दोन बहिणी दत्तक घ्यायचं तिने ठरवलं. बाबा म्हणाले, त्यापेक्षा मांजर पाळ. ती तीन वर्षं कागद पाठवत राहिली.

मुलींना मराठीतला एक तरी शब्द यावा म्हणून आम्ही माझा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. शब्द एकच, आई. भुकेली आई, रुसलेली आई, झोपाळलेली आई, मी सात तऱ्हांनी म्हटला. आश्रमातल्या बायकांनी तो इमानेइतबारे घोटून घेतला. घोळ आम्हाला मागाहून कळला. तिथे न्हाऊ घालणारी, वाढणारी, केर काढणारी, प्रत्येक बाईला मुलं त्यांच्या भाषेतलं 'आई'च म्हणत.

आत्या मुलींना घेऊन निघाली तेव्हा मोठी सहा वर्षांची होती, धाकटी चार. विमानातच मोठीने पाणी देणाऱ्या बाईला आई म्हटलं. मग दवाखान्यातल्या नर्सला. मग चपलांच्या दुकानातल्या बाईला, आणि तिने लगेच फुगा दिला. माझ्या आईचे तर डोळेच भरले. "अगं, मी मामी गं तुझी, मामी," असं ती दोनदा म्हणाली, पण पोरीला सोडवेना तिला. आत्यालाही दोघी आई म्हणायच्या. मी कान देऊन ऐकलं. चपलांच्या दुकानातली आई आणि ही आई, तसूभर फरक नव्हता.

एरवी दोघी कोपऱ्यात आपसात कुजबुजायच्या, गुळणी केल्यासारखी ती भाषा. आत्या आत आली की गप्प. ती ताटं ठेवून टेबलाशी परत जायची आणि कुणाची तरी दाढ घासत बसायची.

एकदा दूध सांडलं. मोठी पांढरीफटक पडली. आत्या तेव्हा तयार कवळ्या पोचवायला गेली होती. काहीतरी करायला हवं म्हणून मी खांदे पाडले, चष्मा नाकावर ओढला आणि आत्याच्या आवाजात म्हटलं, असू दे. दोघी खदखदून हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पुन्हा कर, पुन्हा कर, असं हातानेच सांगत राहिल्या. मी इतकी रंगले की दारात उभी आत्या मला दिसलीच नाही.

"असू दे," ती म्हणाली. पोरी आणखीच हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिला त्या 'असूदे' म्हणू लागल्या. जगातल्या झाडून साऱ्या बायका आई, आणि जिने त्या शब्दासाठी तीन वर्षं काढली ती असूदे. मी माफी मागायला गेले. ती मेणात दात बसवत होती. वर न बघता म्हणाली, "तुझी नक्कल बरी जमते हं."

सहा महिन्यांनी दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई आल्या. मुली इथे राहणार की नाही ते त्यांच्या अहवालावर होतं. मोठीने त्यांचा हात धरून त्यांना आई म्हटलं. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आत्याकडे बोट केलं. "मग ही तुझी कोण?"

"असूदे."

"असू दे काय? सांग की."

"असूदे," मोठी जोरात म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि लिहायला वाकल्या. आत्या उठली. हाताला मेण तसंच.

"बाई, ते माझं नाव आहे," ती म्हणाली. "ती सगळ्यांना आई म्हणते. हे फक्त मला."

"म्हणजे तुम्हाला आई म्हणत नाही?"

"नाही."

बाईंनी दोघी मुलींकडे पाहिलं. धाकटीने आत्याच्या साडीला हात पुसले. मग बाईंनी विचारलं, "कसं लिहू? एक शब्द की दोन?"

"एकच," आत्या म्हणाली. "जोडून लिहा."

पुढची भेट वर्षाने, असं सांगून बाई गेल्या. मुली कोपऱ्यात कुजबुजायला परतल्या आणि आत्या टेबलाशी. थोड्या वेळाने हाक आली, असूदे, पाणी. चढ बरोबर, घसरणही बरोबर. आत्याने मान वर केली नाही.

"पुरे गं आता नकला," ती मला म्हणाली.

"मी नाही गं, आत्या," मी म्हटलं.