मुकादमाच्या पायातला दोरा

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या आमच्या घरी आजवर पुष्कळ पाहुणे राहून गेले, पण परस्पर देवाला नेला गेला असा पाहुणा एकच. तो कोंबडा होता, आणि त्याला देवाच्या वाटेला मीच लावलं होतं.

कंपनीतून निवृत्त झाल्यावर दोन महिने मी घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. (तीस वर्षं स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला दुसरं काही येत नाही.) साखरेची चिठ्ठी मिठाच्या डब्यावर गेली आणि पाहुण्यांनी खारट चहा प्यायला, तेव्हा बायकोने, म्हणजे सुषमाने, मला काळेबाईंच्या हवाली केलं. काळेबाई निवृत्त शिक्षिका. पेणपासून रोह्यापर्यंतची एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि त्यांची जनावरं यांच्यासाठी त्यांनी पंधरा-वीस जणांची फळी उभी केली होती. कोणाचा गुडघा दुखावला की त्याचं कुत्रं फिरवायचं, कोणी दवाखान्यात असलं की त्याची मांजर सांभाळायची. पगार नाही, चहा मिळतो.

माझ्या वाट्याला धर्माकाकांचा कोंबडा आला. धर्माकाका पेणच्या खाडीकडच्या गावातले, उभा जन्म मिठागरावर गेलेला. बायको गेल्यापासून घरात ते आणि कोंबडा. पहाटे चारला ओरडून उठवतो म्हणून त्याचं नाव मुकादम. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. बांधावरून दोनदा पडले होते आणि ऑपरेशनच्या तारखेलाही दोनदा घरी पळून आले होते, कारण मुकादमाला कोण बघणार? ऑपरेशननंतर आठ दिवस पेणला लेकीकडे राहायचं, तर तिच्या सोसायटीत कोंबडा चालत नाही. काळेबाईंनी मला बजावलं, "एक डोळा आता, दुसरा महिन्याने. कोंबड्याला काही झालं तर काका दुसऱ्याला येणार नाहीत. त्यांचा एक डोळा तुमच्या पडवीत आहे असं समजा."

कोंबडा हातात देताना काका एवढंच म्हणाले, "हातावर दाना ठेवा. भुईवरचा तो खात नाय."

मला वाटलं, हे म्हाताऱ्या माणसाचे लाड. मी पडवीत तांदळाची मूठ टाकली. मुकादमाने तांदळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. दुपार गेली, संध्याकाळ झाली. शेवटी मी पाटावर बसून तळहात पुढे केला तेव्हा महाराज जेवले. मग रोज तीन वेळा मी हात पसरून त्याच्यापुढे! सुषमा म्हणाली, आपली मुलं लहान असताना या माणसाने कधी घास भरवल्याचं तिला आठवत नाही. मलाही आठवत नव्हतं.

काळेबाईंचा एक नियम होता. सांभाळायला घेतलेल्या जनावराला ओळखीची खूण हवी. कुत्र्याला पट्टा असतो, कोंबड्याला काय? माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. सत्यनारायणाची नाडाछडी उरली होती, तिचा लाल दोरा मी मुकादमाच्या उजव्या पायाला दोन गाठी मारून बांधला. लांबून बघणाऱ्यालाही कळावं की हा कोंबडा साधा नाही, राखून ठेवलेला आहे.

लांबून बघणाऱ्याला ते कळलं. तो माझा मेव्हणा होता.

वासूचं गाव कासू स्टेशनापासून थोडं आत. तिथे भात कापून झालं की शिवेवरच्या देवाला राखण, म्हणजे कोंबड्याचा बळी, देतात. राखणीचा कोंबडा आधीच निवडून त्याच्या पायाला लाल दोरा बांधतात, म्हणजे तो चुकून कोणाच्या जावयाच्या ताटात जात नाही. हे मला लग्नापासून माहीत होतं. हेही माहीत होतं, की गणपतीत भरल्या पोटी मी वासूला म्हणालो होतो, "यंदाचा राखणीचा कोंबडा माझ्याकडून." एवढं सगळं माहीत असून दोरा बांधताना यातलं काहीही मला आठवलं नाही.

चौथ्या दिवशी मी सकाळच्या गाडीने काकांना भेटायला पेणला गेलो. लेकीच्या घरी काका काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. पहिला प्रश्न मुकादमाचाच. खातो का, झोपतो का, रुसला नाही ना? मी सविस्तर उत्तरं देत होतो, तेवढ्यात वासूचा फोन आला.

"भावजी, कोंबडा उचलला बरं का. ताय बाजारात गेली व्हती, म्हणून थांबलो नाय. पायातला दोरा बघितला नि म्हटलं, भावजींनी शब्द पाळला. आता गाडीत हाय. दुपारी राखण, तुम्ही पन या."

फोन मी कानाला अगदी चिकटवून धरला होता, पण नेमका तेव्हाच मुकादम आरवला, आणि तो आवाज कोणाच्या कानात मावणारा नव्हता. काकांची मान वर आली.

"मुकादम वराडला."

"हो," मी म्हणालो. "तुमची आठवण काढतोय."

"गाडीचा आवाज येतो तो?"

"आमचं घर रुळाला लागूनच आहे." (रूळ आमच्या घरापासून नदीच्या पलीकडे, चालत अर्ध्या तासावर.)

काका समाधानाने हसले. लेकीने ठेवलेला चहा तसाच टाकून मी जिने उतरलो. वासूला सहा वेळा फोन लावला, तो उचलेना. रिक्षावाल्याला सांगितलं, कासूला चल, एक कोंबडा वाचवायचाय. तो शांतपणे म्हणाला, "हायवेवर पयले आपण वाचू, मग कोंबड्याचं बघू."

हायवेवरच्या खड्ड्यांत आणि कोंडीत तीन तास हाडं मोजत मी शिवेवर पोचलो, तेव्हा सगळं आटोपलं असेल अशीच खात्री होती. पण तिथे पंचवीस-तीस माणसं ताटकळत बसली होती, मधोमध मुकादम उभा होता आणि त्याच्यासमोर तांदूळ तसेच पडले होते. कोंबड्याने दाणे टिपले की देवाचा होकार, त्याशिवाय सुरी लावायची नाही, असा तिथला रिवाज. मुकादम दीड तास दाण्यांकडे ढुंकून बघत नव्हता. गुरवाने तांदूळ तीनदा बदलले होते. देव कशावर रुसला याचा शोध सुरू झाला होता, आणि गावातल्या एका थोरल्या भावाने घाबरून, आपण धाकट्याचा बांध दोन हात सरकवला होता, असं सगळ्यांसमोर कबूलही केलं होतं.

मुकादमाला धडधाकट बघून मी त्याच्यासमोरच बसकण मारली. सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले. आणि मग माझ्या हाताने काय केलं ते मला खरोखरच कळलं नाही. सवय वाईट. हाताने समोरचे चार दाणे उचलले आणि तळहात पुढे केला.

मुकादम सकाळपासून उपाशी होता. तो टुणकन आला आणि सगळे दाणे टिपून मोकळा झाला.

"घेतला!" सगळे एका आवाजात म्हणाले. वासूने प्रेमाने माझ्या पाठीवर थाप मारली आणि सुरीकडे हात नेला.

मी मुकादमाला छातीशी धरलं आणि जे तोंडाला येईल ते बोललो. हा माझा नाही, एका म्हाताऱ्याचा आहे, त्याला घरात दुसरं कोणी नाही, हा गेला तर तो दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करणार नाही, आंधळा होईल. वासूचा चेहरा उतरला. त्याने सुरी मागे लपवली. सगळे गुरवाकडे बघू लागले. गुरव म्हातारा होता. डोळे बारीक करून त्याने माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या झाडाकडे, पाहिलं.

"त्या म्हाताऱ्याला दिसतं का आता?"

"एका डोळ्याने स्वच्छ दिसतं."

"कुठं केलं?"

मी पेणच्या दवाखान्याचा पत्ता सांगितला. तो त्याने दोनदा म्हणून घेतला आणि मग निकाल दिला. भुईवरचा दाणा देवाचा, हातावरचा दाणा हातवाल्याचा. देवाने कोंबडा मागितलाच नाही, नारळ द्या. बांधाची कबुली मात्र देवासमोर झाली आहे, तेव्हा तो मागे सरकवायचा. धाकट्या भावाने मुकादमाला वाकून नमस्कार केला.

आठ दिवस झाल्यावर मी मुकादम काकांना परत केला. दोरा आधीच कापून टाकला होता आणि झालेला प्रकार कोणालाही सांगायचा नाही असं ठरवलं होतं. ते नीट जमलंही असतं. पण महिन्याने काका दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला गेले, तर बाकावर शेजारी गुरव! दोघांनी नंबर येईपर्यंत दोन तास गप्पा मारल्या.

संध्याकाळी काळेबाईंचा फोन आला. मी राजीनाम्याची भाषा तयार ठेवली होती. पण त्या म्हणाल्या, "काका ऑपरेशनला तयार आहेत. मुकादम तुमच्याकडेच ठेवायचा म्हणतात. जीव लावणारा माणूस आहे, म्हणाले."

माझा ऊर भरून आला.

"फक्त त्यांची एक अट आहे," बाई पुढे म्हणाल्या. "या वेळी दोरा कोंबड्याच्या पायाला नको, तुमच्या पायाला बांधायचा."

सुषमाने उरलेली नाडाछडी काढून आणली आणि दोन गाठी मारल्या. मी दोरा निमूट बांधून घेतला. फक्त वासू येणार असला की पायांत मोजे घालून बसतो.