कॅमेऱ्यातली पिस्ता भिंत

लॅपटॉपवाल्यानं मला फसवलं. हे आधीच सरळ लिहून टाकतो, कारण रायपुरातले आमचे मराठी लोक उलटंच सांगत फिरतात... म्हणे ढोक्यांनी, म्हणजे मी, अमरावतीच्या वानखड्यांना फसवलं. मी कोणालाही फसवलेलं नाही. वाचा आणि तुम्हीच ठरवा.

भूत, चकवा, करणी यातलं मी काही मानत नाही. देवाला मानतो, पण नवस बोलतानाही आधी अर्ध्या नारळापासून सुरुवात करतो. सायकलवर नळाच्या तोट्या विकत मी या शहरात उभा राहिलो. तेव्हा हे राजधानीचं गावही नव्हतं. आज स्वतःचं फिटिंगचं दुकान आहे, ब्राह्मणपाऱ्यात वरच्या मजल्यावर स्वतःचं घर आहे. हे सगळं एका कलेच्या जोरावर. भाव विचारायचा, निम्मा सांगायचा, आणि दुकानदार नाही म्हणाला की उठायचं. चप्पल सावकाश घालायची. दारापर्यंत जायचं. मागून हाक येतेच — "अरे भैया, सुनिए तो!" आमच्या घरात याला नुसतं 'उठणं' म्हणतात. बायको मंदा लग्नानंतर पहिल्यांदा बाजारात आली तेव्हाच तिला शिकवलं होतं, मी उठलो की तूही उठायचं.

आता लॅपटॉप. मुलगी केतकी नवा रायपुरात नोकरी करते. तिच्यासाठी अमरावतीचं स्थळ आलं होतं. मुलगा निखिल पुण्यात असतो. दोघं फोनवर बोलत होते आणि केतकीला तो आवडला होता, हे तिनं सांगितलं नाही तरी दिसत होतं. पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर ठरला. मोबाइलवर चार माणसं मावत नाहीत म्हणून मी जुना, पण दुरुस्त करून विकतात तसला लॅपटॉप घेतला. मी दोनदा उठलो, दोनदा हाक आली. बॅग आणि माऊस वर फुकट काढले. "कैमरा एकदम ए-वन है," असं तो माणूस माझ्या तोंडावर म्हणाला.

घरी येऊन नागपूरच्या बहिणीला कॉल लावला. ती म्हणाली, "दादा, तू आंघोळीच्या खोलीत बसला काय? वाफच वाफ दिसून राहिली."

मी तडक दुकानात. माझा आवाज ऐकून शेजारचा चहावालासुद्धा बाहेर आला. लॅपटॉपवाला मात्र शांत. म्हणाला, भैया, लॅपटॉपमधले कॅमेरे बारीकच असतात, त्यांना मदत लागते. काच मऊ कपड्यानं पुसा. उजेड चेहऱ्यासमोर हवा, पाठीमागे नको. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. बाकीचे प्रोग्राम बंद करा. कॉलच्या सेटिंगमध्ये एचडी चालू करा. जमलं तर नेटची वायर थेट जोडा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी केतकीनं हे सगळं केलं. खिडकीकडे तोंड करून मला बसवलं, लॅपटॉपखाली दोन पोळपाट सरकवले, बाजूला टेबल लॅम्प लावला. वाफ जरा कमी झाली, पण माझ्या मिशा आणि नाक अजून एकच दिसत होतं. मी वैतागून कॅमेऱ्यावर नख घासलं, तर एक पारदर्शक पट्टी सुटून हातात आली. बोटाच्या नखाएवढी. जुन्या लॅपटॉपला चकाचक करताना चिकटवलेली असावी.

आणि चित्र लख्ख झालं.

मिशीतला एकेक केस मोजावा असं. मी खूश होणार, तेवढ्यात केतकी म्हणाली, "पापा, ये बैकग्राउंड किसने लगाया?"

कोणीच लावलं नव्हतं. तिनं सेटिंग उघडून दाखवलं, सगळं बंद. माझ्या मागे खरोखर काय होतं ते सांगतो : ओल धरलेली भिंत, पोपडे लपवायला लावलेलं कॅलेंडर, लोखंडी कपाट आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. चित्रात काय होतं? फिकट पिस्ता रंगाची भिंत. कोयरीच्या नक्षीचे पडदे. काचेच्या दाराचं शिसवी शोकेस. वेताच्या बैठकीचा सागवानी सोफा. मी मागे हात नेला. हाताला ओल लागली. चित्रात माझा हात पिस्ता भिंतीवर टेकला होता. केतकी मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली, तर चित्रात सोफ्यावर. उठली, परत बसली. परत सोफाच.

"मंदा!" मी ओरडलो. "इकडे ये!"

मंदा पोह्यांचा कांदा चिरता चिरता आली. पदरानं डोळे पुसले आणि स्क्रीनकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "हे पडदे मी पाहिले होते."

"कुठं?"

"केतकी पोटात होती तेव्हा. तुम्ही उठले, मीही उठली. त्यानं हाक नाही मारली." तिनं सुरी शोकेसकडे केली. "हे दिवाळीचं. त्यानंही नाही मारली. सोफा तेलीबांध्याच्या दुकानातला. अन् हा रंग... पेंटरनं नमुना आणून दाखवला होता. तुम्ही त्यालेच घरातून उठवलं."

मला राग आला. दहातले आठ दुकानदार हाक मारतात. उरलेल्या दोघांचा हिशोब बायकोनं इतकी वर्षं मनात ठेवावा? पण मी धंदेवाला माणूस. लगेच दुसरी बाजू दिसली. एक पैसा न देता घर सजलं होतं!

"राहू दे असंच," मी म्हणालो. "अमरावतीवाल्यांना बरं दिसेल."

"असं खोटं नका दाखवू."

"मी काय दाखवून राहिलो? कॅमेरा दाखवून राहिला!"

केतकी म्हणाली, "पापा, लैपटॉप बंद करो. मोबाइल से कर लेंगे." पण तेवढ्यात वानखड्यांचा कॉल वाजला, आणि मी उचलला.

वानखडे, निखिलचे वडील, म्हणजे माझ्याच जातकुळीचा माणूस, अमरावतीत बियाण्यांचा व्यापारी. मी ठरवल्याप्रमाणे सुरुवात केली, "आम्ही साधी माणसं, साहेब. लग्न मोजक्या लोकांत..."

"ते दिसूनच राहिलं," वानखडे हसले. "शिसवी शोकेसवाली साधी माणसं!"

माझी बोलणी तिथंच पडली. मोजक्या लोकांचं लग्न हॉलच्या लग्नापर्यंत गेलं, आणि मला तोंड उघडायला जागा उरली नाही. घासाघीस करताना आपलं घर गरीब दिसणं किती गरजेचं असतं, हे ज्यानं केली त्यालाच कळेल. वर वानखडे म्हणाले, "आम्ही रविवारी येतोच. त्या सोफ्यावर बसून चहा घेऊ."

कॉल संपला. केतकी माझ्याकडे पाहात होती. "अब संडे को उनको किस पे बिठाओगे, पापा? बैकग्राउंड पे?" आवाज रडवेला होता.

मी लॅपटॉप काखेत मारून पुन्हा दुकानात. त्यानं कॅमेरा सुरू केला. चित्रात त्याचं दुकान, त्याचे स्टूल, त्याचा पंखा. सगळं जसंच्या तसं आणि लख्ख. "देखिए, ए-वन. भैया, कैमरा तो वही दिखाता है जो सामने है." मी टेबलावर हात आपटला. त्यानं मला पाणी दिलं.

रविवारी वानखडे जोडपं आलं. दारातच थांबलं. वानखड्यांनी ओल पाहिली, कॅलेंडर पाहिलं, प्लास्टिकच्या खुर्च्या पाहिल्या.

"सोफा कुठं आहे, ढोके साहेब?"

मी खरं ते सांगितलं. खरं सांगितल्यावर माणूस किती खोटा वाटतो, ते मला त्या दिवशी समजलं.

"म्हणजे खोटी भिंत लावली व्हिडिओत," वानखडे म्हणाले. "आज भिंत खोटी, उद्या आणखी काय काय? चल वो, उठ. निघू आपण."

केतकी आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून माझ्यातला सगळा व्यापारी संपला. मी म्हणालो, "साहेब, दोन मिनिटं बसा. तुमच्या डोळ्यांनी पाहा, मग जा." लॅपटॉप उघडला, पोळपाटांवर ठेवला. वानखडे उभेच राहिले, वहिनी खुर्चीत बसल्या.

चित्रात पिस्ता भिंत आली. पडदे, शोकेस, सोफा. वानखड्यांनी मागं वळून भिंत पाहिली, मग स्क्रीन, मग पुन्हा भिंत. आणि तेवढ्यात वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

सोफ्यावर त्यांच्या शेजारी एक बाजाची पेटी होती. काळीभोर, पितळी कड्यांची. ही आमची नव्हती. मी आयुष्यात पेटीचा भाव केलेला नाही.

"माही पेटी," वहिनी म्हणाल्या.

"कोणती पेटी?" वानखडे.

"विसरले? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मी दुकानात वाजवून पाहिली होती. तुम्ही भाव विचारला, अन् मले म्हणाले, चल उठ, तो बोलावते मागून. पार बसस्टँडपर्यंत मी मागं पाहत आली. त्यानं नाही बोलावलं."

वानखडे माझ्याकडे पाहू लागले. मी वानखड्यांकडे. दोन व्यापारी एकमेकांना ओळखतात.

वहिनींनी हात बाजूला नेला. खोलीत तिथं काहीच नव्हतं, प्लास्टिकच्या खुर्चीचा नुसता दांडा. पण चित्रात त्यांची बोटं पट्ट्यांवर बरोबर पडत होती. बराच वेळ त्या बोटं हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज नाही येत."

"आवाज आपण आणू ना, वहिनी," मंदा म्हणाली. "गोल बाजारात मिळते पेटी."

"चल, उठ," वानखडे पुन्हा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"मी उठून नाही राहिली," वहिनी म्हणाल्या. "मले पोट्टी पसंत आहे. बाई, तुमचे पोहे आणा."

लग्न तिथंच ठरलं. हॉल कुठला, जेवणात काय, किती माणसं, सगळं दोन बायकांनी ठरवलं. आम्ही दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून पोहे खाल्ले. मध्येच वानखडे कानाशी येऊन म्हणाले, "लॅपटॉप विकता काय?" मी विचारलं, काय कराल त्याचं? म्हणाले, "तलावात टाकतो." मी भाव सांगणार होतो, पण मंदानं माझ्याकडे असं पाहिलं की मी लिंबू पिळायला घेतलं.

त्यानंतर बऱ्याच जणांना दाखवलं. केतकीच्या ऑफिसातल्या इंजिनियर पोरांनी तो लॅपटॉप खोलून पाहिला, नवी विंडोज टाकली, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या घरात लावून पाहिला. दुसरीकडे सगळं नीट. आमच्या बैठकीच्या खोलीत मात्र पिस्ता. ते म्हणतात, अंकल, सॉफ्टवेअर का कुछ है. काय आहे, ते कोणी सांगत नाही.

आता मूळ तक्रार. गेल्या आठवड्यात मी, मंदा आणि केतकी पंडरीच्या कापड बाजारात लग्नाच्या साड्या घ्यायला गेलो. वानखडे वहिनी मुद्दाम आल्या होत्या. दुकानदारानं भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. तो नाही म्हणाला. मी उठलो.

कोणी उठलं नाही.

मी चप्पल सावकाश घातली. दारापर्यंत गेलो. हाक आली नाही. बाहेर उन्हात उभा राहिलो. काचेतून आत दिसत होतं : तिघीही साडी अंगावर धरून हसत होत्या, आणि दुकानदार त्यांच्यासाठी चहा मागवत होता. बऱ्याच वेळानं मीच आत आलो. मंदानं सरकून जागा दिली आणि म्हणाली, "बसा. घेतली आम्ही."

म्हणून हे लिहितो आहे. त्या लॅपटॉपवाल्यानं मला उत्तर द्यावं. लेखी द्यावं. ज्या वस्तू मी घेतल्याच नाहीत, त्या माझ्या घरात कोणी आणून ठेवल्या? ती पट्टी कॅमेऱ्यावर कोणी आणि कशासाठी चिकटवली होती? आणि मी दारात चप्पल घालून उभा होतो, तेव्हा मंदानं तरी हाक का मारली नाही? "भैया, यह तो घर का मामला है," असं तो म्हणेल. मी ऐकून घेणार नाही. लॅपटॉप त्यानं विकला आहे. उत्तर त्यानंच द्यायचं.